दाढेवर वाजलेली सळई

दात घट्ट आवळा. कानापुढे, जबड्याच्या कोपऱ्यावर जो टणक उंचवटा येतो तो चर्वणस्नायू. त्याच्या पुढच्या कडेवर बोट वर-खाली फिरवलं, की कातडीखाली बारीक दोरीसारखं काहीतरी सरकतं. ही लाळेची नळी. गालगुंडात कानाजवळची जी ग्रंथी सुजते, तिथून ती निघते, चर्वणस्नायू ओलांडून एकदम आत वळते, गालाचा स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. लांबी साधारण ५ सेंटिमीटर. हिच्यावरून सतराव्या शतकात एका गुरू-शिष्याची चांगलीच जुंपली होती.

निल्स स्टेनसेन हा २२ वर्षांचा डॅनिश विद्यार्थी १६६० मध्ये आम्सटरडॅमला गेरार्ड ब्लासियस यांच्या घरी राहून शिकत होता. मेंदू पाहण्यासाठी आणलेली मेंढीची मुंडी ७ एप्रिलला तो एकटाच फाडत बसला होता. आधी तोंडाकडच्या वाहिन्या पाहाव्यात म्हणून त्याने एका नळीत सळई घातली. टोक दाटीत न अडकता मोकळ्या जागेत गेलं आणि दातांवर आपटून वाजलं.

ब्लासियस आधी म्हणाले, सळई जोर लावून घुसवली असशील. मग म्हणाले, निसर्गाची लहर असेल, म्हणजे या एकाच मेंढीतली विचित्र गोष्ट. पहिली शंका रास्तच होती. मऊ मांसात सळई रेटली की ती स्वतःची वाट पाडते आणि नसलेली नळी ‘सापडते’. तोंडाकडून सळई घातली तर हा धोका जास्त, कारण चर्वणस्नायूच्या कडेशी नळीला वळण आहे आणि सरळ टोक तिथेच रुततं. गाल बाहेर ओढून धरला की वळण बरंच सरळ होतं. शेजारून चेहऱ्याच्या चेतातंतूच्या फांद्याही जातात. त्याही पांढऱ्याच, पण आडव्या कापल्या तर भरीव. नळीला मधोमध भोक दिसतं.

ताळा पाहायला पुस्तक होतं. इंग्लंडच्या थॉमस व्हार्टनने १६५६ मध्ये जबड्याखालच्या ग्रंथीची नळी छापली होती. ही नळी मात्र त्यात नव्हती. पुढे स्टेनसेन लायडनला गेला. तिथे प्राध्यापक सिल्व्हियस यांनी ती माणसातही दाखवली आणि तिला स्टेनसेनचं नाव दिलं.

मग १६६१ मध्ये ब्लासियस यांनी आपल्या ग्रंथात शोध स्वतःचा म्हणून सांगितला. आदल्या वर्षी ज्याला निसर्गाची लहर म्हटलं, तीच! स्टेनसेनने तारखा आणि साक्षी दिल्याच, पण त्याचा खरा घाव शरीररचनेचा होता. ब्लासियस यांनी नळीचा उगम चुकवला होता, शेवट चुकवला होता आणि ग्रंथीचं कामही भलतंच लिहिलं होतं. ज्याने सळई एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नेली, त्याची या दोन जागांबद्दल चूक होणं अवघड. माझ्या मते तारखांपेक्षा हा पुरावा भारी आहे. तारीख मागाहूनही लिहिता येते.

ब्लासियस यांच्या बाजूने निकोलास होबोकेन यांनी १६६२ मध्ये पुस्तिका काढून नळीला ‘ब्लासियसची नवी लाळनळी’ म्हटलं. त्याच वर्षी स्टेनसेनचा ग्रंथही आला. त्यात डोळ्याच्या अश्रुग्रंथीच्या नळ्यांचंही वर्णन होतं.