ब्रेक पॅड बदलणे (घरच्या घरी)

डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, दोन्हीकडून पॅड दाबणारे) असलेल्या गाडीचे झिजलेले पॅड गॅरेजला न जाता स्वतः काढून नवे बसवणं. ड्रम ब्रेकचे लायनर बदलणं हे वेगळं काम, त्यात स्प्रिंगांची भानगड असते, ते इथे धरलेलं नाही. पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर बसवलेला घर्षणाचा मसाला. नव्या पॅडवर तो साधारण १० ते १२ मिमी असतो आणि ३ मिमी उरला की बदला असं बहुतेक जण सांगतात, काही ठिकाणी २ ही मर्यादा दिसते पण ३ च बरी. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला टेकून किंचाळायला लागते.

पॅड पहिल्यांदा कुणी केला यावर एकमत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीला पॅड धरतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, वाटेत उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले आणि तिने मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. अस्तर बदलता येतं ही कल्पना इथून धरायची तर धरता येईल, पण तिथे डिस्क नव्हती. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतलं, त्यात धातूवर धातू घासायचा आणि आवाज असह्य व्हायचा. तिसरं नाव हर्बर्ट फ्रूडचं, जो १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तरं बनवत होता. उतारावर गाडीवाले ठोकळ्याला जुन्या बुटाचे तुकडे लावतात हे बघून त्याला सुचलं म्हणतात (म्हणजे परत चामडंच). पुढे १९०७-०८ च्या आसपास त्याने अस्तरात उष्णता सोसणारा खनिज तंतू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आणला. आजच्या पॅडमध्ये सगळी करामत मसाल्याची आहे, त्यामुळे मान फ्रूडकडे जास्त जावा. डिस्क ब्रेकचा गाजावाजा झाला तो १९५३ मध्ये, फ्रान्समधली ल मॉंची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली तेव्हा.

अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक, त्यामुळे ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, बाकी युरोपीय संघात २००५ पर्यंत झाली. तरी काळी धूळ हवेने फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रत्यक्ष कृती बहुतेकांना माहीत असते: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, जॅकवर विश्वास न ठेवता स्टँड लावायचे, एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदमच करायची, आणि सोडवलेला कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळत न ठेवता तारेने टांगायचा. खरी गोष्ट पिस्टनची, म्हणजे कॅलिपरमधून पॅड डिस्कवर ढकलणाऱ्या दट्ट्याची आहे. पॅड झिजत जातो तसतसा पिस्टन बाहेर सरकत जातो, त्याला मागे ओढायला स्प्रिंग नसते, चौकोनी काटछेदाची रबरी सील असते, ब्रेक दाबला की ती थोडी पिळली जाते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरचा अंशभर मागे घेते, बस तेवढंच. नवे जाड पॅड मावायला मात्र पिस्टन पूर्ण आत ढकलावा लागतो आणि तेवढं ब्रेक ऑइल वरच्या, ऑइल भरायच्या डबीत परत चढतं, डबी काठोकाठ असेल तर उतू जाऊन रंग खातं. ढकलताना ब्लीडर (कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा सोडायचा स्क्रू) उघडावा का यावर दोन गट आहेत. एक म्हणतो उघडा, नाहीतर कॅलिपरमधली घाण एबीएसमध्ये (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) जाते. दुसरा म्हणतो ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर गरज नाही, उलट हवा शिरायची भीती. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणाऱ्याला दुसऱ्याचं म्हणणं पटतं. मागच्या चाकांचे काही पिस्टन ढकलून नाही तर फिरवून आत जातात, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (पिस्टन मोकळा करणारी सेटिंग) लावावा लागतो, नुसता जोर केला की मोटर जाते.

आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे असं दिसलं तर समजायचं की कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन अडकली आहे. ती ओढून काढली की तपकिरी, डिंकासारखं घट्ट झालेलं ग्रीस आणि गंजाची कडी दिसते. पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, साध्या खनिज ग्रीसने रबरी टोपी फुगते. हे न करता नुसते पॅड बदलणाऱ्यांना काही महिन्यांनी तेच चाक परत उघडावं लागतं.

चाक बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल तीन-चार वेळा दाबावं, पहिल्या दाबाला ते तळाशी जातं कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेला नसतो. मग रिकाम्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारून पॅड ‘बसवतात’. जुनं मत असं की याने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून जुळतात. नंतरचं, आणि जास्त पटणारं, की मसाल्याचा पातळ थर डिस्कवर चढतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी तशीच उभी ठेवली तर त्या जागी डाग बसतो आणि पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकडी झाली म्हणून बदलतात त्यातल्या बऱ्याच केसेस या डागांच्याच असतात.