मांजरांतील प्रतिकारजन्य बिंबाणुन्यूनता

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच बिंबाणूंवर (प्लेटलेट) उलटल्यामुळे मांजराला होणारा रक्तस्रावाचा विकार. प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बिंबाणूंना चिकटतात आणि असे डागलेले बिंबाणू प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी गिळून टाकतात. अस्थिमज्जा नवे बिंबाणू घडवत असते, पण जमेपेक्षा खर्च वाढतो. कुत्र्यांच्या मानाने मांजरांत हा विकार विरळा आहे.

निरोगी मांजराच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण २ ते ५ लाख बिंबाणू असतात. आपोआप रक्तस्राव सुरू होतो तो बहुधा ही संख्या ५०,००० च्या, कित्येकदा ३०,००० च्याही खाली गेल्यावर. हिरड्यांवर, कानाच्या आतल्या बाजूला, पोटाच्या विरळ केसांच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. नाकातून रक्त येते, शी डांबरासारखी काळी होते, लघवी लालसर दिसते. काही मांजरे मात्र नुसती मलूल होऊन कोपरा धरतात.

डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द सोलापुरात घरोघरी पोचला आहे. त्यामुळे मांजराच्या अहवालात ४०,००० चा आकडा दिसला की मालकाचा जीव खालीवर होतो. पण मांजराच्या बाबतीत हा आकडा फार फसवा असतो. त्याचे बिंबाणू आकाराने मोठे, काही तर तांबड्या पेशींएवढे असतात. शिवाय रक्त काढताना मांजर धडपडले किंवा सुई दोनदा टोचावी लागली, तर ते नळीतच गुठळ्या करतात. माणसांच्या रक्तासाठी बसवलेले यंत्र मोठ्या बिंबाणूंना तांबड्या पेशींत जमा करते आणि गुठळ्या गाळूनच टाकते. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अटळ आहे. आधी थराच्या कडेला गुठळ्या शोधायच्या, मग तेलभिंगाखाली बिंबाणू मोजायचे. एका दृश्यक्षेत्रातला एक बिंबाणू म्हणजे रक्तात दर मायक्रोलिटरला सुमारे १५ ते २० हजार, असा ठोकताळा आहे. काचपट्टी न पाहता उपचार सुरू करणे म्हणजे यंत्राच्या चुकीवर औषध देणे होय.

न्यूनता खरी ठरली तर कारण शोधावे लागते. मांजरांचा रक्तकर्क विषाणू, मांजरांतील प्रतिकारक्षय विषाणू, लसिकार्बुद (लिम्फोमा हा कर्करोग), काही जंतुसंसर्ग किंवा थायरॉइडवरील मेथिमाझोलसारखे औषध यामागे असू शकते. काहीच न सापडल्यास विकार प्राथमिक मानतात, म्हणजे हे निदान वजाबाकीचे आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांचे कारखाने, धान्याची गोदामे अशा ठिकाणी उंदरांसाठी औषध ठेवले जाते. तेव्हा मांजराने विषारी उंदीर खाल्ला का, हेही विचारावे. त्या विषाने रक्त गोठवणारे इतर घटक बंद पडतात, रक्त छाती-पोटात साचते आणि उपचार के जीवनसत्त्वाचा असतो.

प्रतिकारजन्य विकारात मुख्य औषध प्रेडनिसोलोन, हे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे स्टेरॉइड. मात्रा सुरुवातीला मोठी असते आणि संख्या सावरल्यावर ती काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. मांजर खेळू लागले म्हणून गोळी एकदम थांबवली की आजार उलटण्याची भीती असते. प्रतिसाद अपुरा पडल्यास सायक्लोस्पोरिन किंवा क्लोरॅम्ब्युसिल जोडतात. कुत्र्यांना चालणारे अ‍ॅझाथायोप्रिन मांजराच्या अस्थिमज्जेला घातक असल्याने टाळतात. पपईच्या पानांचा रस इथे कामाचा नाही, कारण बिंबाणूंवर चाललेला हल्ला त्याने थांबत नाही. अंग गरम लागले म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. मांजराला ती जीवघेणी ठरते.

रक्त चढवण्याची वेळ येते ती मुख्यतः पांडुरोग (तांबड्या पेशींची कमतरता) वाढल्यावर, कारण दिलेले बिंबाणूही लगेच नष्ट होतात. मांजरांत ए, बी व एबी असे रक्तगट असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडेसे रक्त दिले तरी ते दगावू शकते. म्हणून घरातल्या बोक्याचे रक्त काढण्याआधी दोघांचेही गट तपासावे लागतात.