पंधरा पाउंडांचा काटा आणि आत राहिलेली हवा

सोलापूरला वाफ नवी नाही. 1877 साली जुनी मिल सुरू झाली आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर लागायला लागलं. मिलच्या बॉयलरचा धाक मोठा: त्यावर परीक्षा पास झालेला माणूस हवा, सरकारी इन्स्पेक्टरची तपासणी हवी. मात्र 1923 च्या बॉयलर कायद्याने दवाखान्यातल्या स्टरिलायझरचे 91 लिटरपर्यंतचे बॉयलर या जाचातून वगळले. नर्सिंग होमच्या मागच्या खोलीतला छोटा ऑटोक्लेव्ह, म्हणजे कोंडलेल्या वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधल्या मावशींच्या भरवशावर आला.

या यंत्राचा मूळपुरुष स्वयंपाकघरातला. 1679 मध्ये डेनी पापँ या फ्रेंच माणसाने हाडं मऊ शिजवायला घट्ट झाकणाचं भांडं केलं. ते फुटू नये म्हणून वजन लावलेली झडपही बसवली. आपल्या कुकरच्या शिट्टीची ती पणजी. त्यानंतर बरोबर 200 वर्षांनी, 1879 मध्ये, पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी तीच युक्ती जंतू मारायला वापरली.

गरज पडली ती बीजाणूंमुळे. काही जंतू कवच पांघरून बसतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच; इथे पाणी शंभरच्या आधीच, साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. पूर्वी काचेच्या सिरिंज पातेल्यात उकळायचे, त्या कितपत निर्जंतुक होत असतील याचा विचार न केलेलाच बरा. वाफ कोंडून 15 पाउंड दाब आणला की तापमान 121 अंशांवर जातं आणि तिथे बीजाणूही टिकत नाहीत.

पण हे गणित आत निव्वळ वाफ असेल तरच जमतं. हवा वाफेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते. दाबाचा काटा बिचारा दोघींचा मिळून दाब दाखवतो. हवा अजिबात न काढता 15 पाउंड चढवले, तर आत जेमतेम 100 अंश असतात. इंग्लंडमध्ये 1972 साली डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात सलाईनसारख्या बाटल्यांमुळे रुग्ण दगावले, त्यामागे हेच होतं: तळाशी हवा राहिली, खालच्या बाटल्या तापल्याच नाहीत. तापमापक कमी आकडा दाखवत होता, पण बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी भरवसा ठेवला दुसऱ्या काट्यांवर. हवा आधी पंपाने ओढून घेणाऱ्या यंत्रांसाठी हवा नीट निघाली का हे तपासणारी बोवी आणि डिक यांची चाचणी 1963 मध्येच आली होती. उभ्या, साध्या ऑटोक्लेव्हला तसा पंप नसतो. तिथे हवा सोडायचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, आणि तिचा आवाज ऐकणारा कान.

एका नर्सिंग होममधल्या मावशींना हे काम करताना पाहिलं. ड्रमची, म्हणजे सामान ठेवायच्या डब्याची, भोकं उघडी आहेत ना, हे आधी बोटाने चाचपलं. झाकणाचे नट समोरासमोरचे जोडीने आवळले, म्हणजे रबर एका बाजूला दबत नाही. कॉक उघडाच. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग एकसुरी सुसाट वाफ. तेव्हा कुठे कॉक बंद, आणि घड्याळाकडे नजर गेली ती काटा 15 वर आल्यावर.

उघडताना त्या अंग चोरून बाजूला उभ्या राहिल्या. "काटा शून्यावर आला तरी लगेच हात घालायचं न्हाई बगा," म्हणाल्या आणि मनगट पुढे केलं. नट घाईने सैल केल्याच्या दिवसाचा पांढरा डाग अजून तिथे आहे.