हृदयक्रिया अचानक बंद पडणे : शाळा व कारखान्यांतील पूर्वतयारी (बडोदे)

हृदय एकाएकी थांबून कोणी कोसळला, तर आसपासच्यांनी काय करायचे हे आधी ठरवून, शिकून व सराव करून ठेवण्याची पद्धत. मराठी वर्तमानपत्रे अशा मृत्यूला सरसकट ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते; माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतेय असे स्वतः सांगतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा बहुतेकदा हृदयाची विद्युत लय बिघडलेली असते. खालचे कप्पे नुसते थरथरतात, मेंदूचे रक्त थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. झटक्यामुळे हे घडू शकते. शाळकरी खेळाडूच्या बाबतीत आनुवंशिकतेने जाड झालेला हृदयस्नायू किंवा छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडू, तर कारखान्यात विजेचा धक्काही कारण ठरतो.

काहीच केले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. गुजरातेत १०८ ही रुग्णवाहिका सेवा २००७ पासून आहे. पण रावपुरा-मांडवीच्या गर्दीतून ती कितीही चपळाईने आली, तरी पहिली चार-पाच मिनिटे वर्गावरच्या बाईंच्या, नाहीतर शेजारच्या मशीनवरच्या कामगाराच्या हातात असतात.

ही मिनिटे बहुधा ओळखण्यातच जातात. कोसळलेला माणूस अधूनमधून आचके देतो, घशातून आवाज येतो. ‘घरघर लागली’ म्हणून लोक हात जोडतात किंवा ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबून राहतात. हा खरा श्वास नव्हे. सुरुवातीला हातपाय झटकले, तर फिट समजून कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. हाक मारून, खांदे थोपटून उत्तर नाही आणि दहा सेकंदांत नेहमीसारखा श्वास दिसत नाही, हृदय थांबले असे मानायला एवढे पुरेसे आहे. विजेचा धक्का असेल, तर आधी मेन स्विच बंद करायचा, मगच अंगाला हात लावायचा.

पुढे छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० दाब. मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर, लहान मुलात छातीच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून माणूस बदलायचा. मुलांत मूळ कारण बरेचदा श्वासाचे असते. तेव्हा शिकलेल्याने ३० दाबांमागे २ श्वासही द्यावेत.

दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा, तिसऱ्याने एईडी (विजेचा धक्का देऊन हृदयाची लय ताळ्यावर आणणारे यंत्र) आणायचे. हे यंत्र बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही; भीती बाळगण्यासारखे त्यात फारसे काही नाही. मात्र घामाने भिजलेली छाती पुसल्याशिवाय यंत्राच्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत. ते मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे, अशी व्यवस्था असेल तर यंत्र नसल्यातच जमा. जाऊन-येऊन तीन मिनिटांच्या आत हाताशी येईल अशी जागा हवी. मकरपुऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ते भिंतीवर टांगू नये. बॅटरी व पट्ट्यांची मुदत तपासणारा माणूस नावानिशी नेमावा.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी व तिच्यासाठी प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती लागत असे; २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. पेटीतल्या मलमपट्टीने थांबलेले हृदय सुरू होत नाही, हे उघड आहे.

२०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुण दगावल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले. त्याच डिसेंबरात सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांमार्फत शाळांतील शिक्षकांना सीपीआर (छातीवरचे दाब व श्वास देण्याची वरची कृती) शिकवण्याची मोहीम घेतली. एकदाचे शिबिर मात्र काही महिन्यांत हातातून उतरते. तालमीतल्या डावासारखे ते घोटावे लागते. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांनी कसरतीबरोबर हाडे बसवण्याची विद्याही जपली होती. दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगाला हात लावायला न कचरण्याची ती सवय इथे उपयोगी पडते.

सराव न सांगता घ्यावा: मधल्या सुट्टीत मैदानावर सरावाचा पुतळा टाकायचा आणि पहिला दाब व यंत्र यांना किती सेकंद लागले ते घड्याळ लावून टिपायचे. पाचवीतल्या मुलाला पुरेसा दाब देता येत नाही. पण यंत्राकडे धावणे आणि फाटक उघडून रुग्णवाहिकेला वाट दाखवणे ही कामे त्याला नेमून देता येतात.