हायब्रिड कार्यालयांतील सुविधा व्यवस्थापन : इंदूर

इमारतीत काम करणाऱ्यांना वीज, पाणी, हवा, स्वच्छता, सुरक्षा, बसायला जागा आणि वेळेवर दुरुस्ती मिळावी म्हणून चालणाऱ्या रोजच्या व्यवस्थेला सुविधा व्यवस्थापन म्हणतात. आयएसओ ४१०११ या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने माणसे, जागा आणि कार्यपद्धती यांची सांगड घालणारे कार्य अशी त्याची व्याख्या केली आहे. कर्मचारी आठवड्यातले काही दिवस कार्यालयात आणि काही दिवस घरून काम करतात, त्या पद्धतीला हायब्रिड म्हणतात. अशा ठिकाणी माणसांचा आकडा रोज बदलतो. त्यामुळे घड्याळावर आणि चौरस फुटांवर चालत आलेली व्यवस्था आता हजेरीवर चालवावी लागते आणि ती हजेरी मोजण्याचे काम डिजिटल साधनांकडे आले आहे.

पूर्वपीठिका : यंत्राने थंड केलेली इमारत इंदूरला नवी नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात उभारलेल्या माणिकबाग राजवाड्यात वातानुकूलन होते. पुढे त्याच वास्तूत केंद्र सरकारचे कर-कार्यालय आले. व्यवसाय म्हणून सुविधा व्यवस्थापनाची पहिली संघटना १९८० मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. १९९५ मध्ये बॅकनेट हे इमारतीतल्या यंत्रांच्या आपसातील संवादाचे मानक आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे), पंखे, पंप एकाच पडद्यावरून चालवणे सोपे झाले. या पडद्यामागच्या यंत्रणेला कामावरची माणसे ‘बीएमएस’ (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणतात. इंदुरात सुपर कॉरिडॉरवरील टीसीएस व इन्फोसिसचे परिसर आणि खंडवा रोडचे क्रिस्टल आयटी पार्क यांमुळे मोठ्या कार्यालयांची देखभाल हा स्वतंत्र रोजगार झाला.

बीएमएस बराच काळ घड्याळाची गुलाम होती : सकाळी आठला एएचयू (मजल्यावर थंड हवा खेळवणारे यंत्र) चालू, संध्याकाळी सातला बंद. २५ मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीने हे वेळापत्रक निरर्थक केले. पुण्याला नोकरीला गेलेली इंदूरची मराठी मुले लॅपटॉप घेऊन रामबाग, लोकमान्यनगरातल्या घरी परतली आणि त्यांच्या खुर्च्या तिकडे रिकाम्या राहिल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतील नियमांत २०२२ मध्ये घरून कामाची तरतूद आली, तेव्हा सुरुवातीला निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना ही मुभा होती. तात्पुरती सोय नियमात उतरली.

हजेरीची मोजणी : हे या विषयाचे सर्वांत अवघड अंग आहे. प्रवेशद्वारावरचे कार्ड आत आलेला माणूस नोंदवते, पण चहाहून परतलेले तिघे एकाच कार्डावर दार ढकलून आत शिरले की आकडा चुकतो. वायफायवरून मोजावे तर एकाच माणसाजवळ फोन, लॅपटॉप आणि घड्याळ असते. शिवाय अलीकडचे फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवू लागले, त्यामुळे जोडणी न केलेल्या फोनांची मोजणी जवळजवळ निकामी झाली. छतातील पीआयआर सेन्सर उष्णतेच्या हालचालीवर चालतो. कोणी तासभर स्थिर बसून वाचत असेल तर त्याच्या दृष्टीने खोली रिकामी, आणि दिवे जातात. श्वासाची बारीक हालचाल टिपणारे रडार सेन्सर ही उणीव भरून काढतात, मात्र ते महाग पडतात.

जागा आरक्षित करण्याच्या अॅपमध्ये वेगळीच अडचण आहे. मंगळवारी सकाळी सगळी टेबले ‘भरलेली’ दिसतात आणि मजल्यावर निम्मी मोकळी असतात, कारण बऱ्याच जणांनी ‘असू द्या’ म्हणून जागा धरून ठेवलेली असते. टेबलावरचा क्यूआर कोड ठरावीक मिनिटांत स्कॅन झाला नाही तर जागा आपोआप सुटावी, हा त्यावरचा रूढ उपाय. आरक्षण, कार्ड आणि सेन्सर या तिन्ही आकड्यांची रोज ताळेबंदासारखी जुळणी करणारा माणूस हाताशी नसेल, तर पडद्यावरच्या रंगीत नकाशावर विसंबू नये.

हवा आणि वीज : आकडा हाती आला की सर्वांत मोठी बचत वातानुकूलनात होते. पंख्याला लागणारी वीज त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात असते. गती ८० टक्क्यांवर आणली की वीज साधारण निम्म्यावर येते. म्हणून अर्धा भरलेला मजला अर्ध्या हवेवर चालवणे हिशेबाने फार लाभाचे ठरते. किती ताजी हवा घ्यायची ते कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून ठरते. बाहेरच्या हवेत तो दर दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग असतो. बंद बैठकखोलीत दहा जण तासभर बसले तर तो सहज हजारापलीकडे जातो आणि डोके जड होऊ लागते.

माळव्याच्या रात्रींची ख्याती इथे शब्दशः उपयोगी पडते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून वाखाणलेला रात्रीचा गारवा, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या या शहरात उन्हाळा वगळता बरेच महिने मिळतो. पहाटे बाहेरची थंड हवा इमारतीत खेळवून भिंती-स्लॅब गार करून ठेवले तर सकाळी चिलर उशिरा सुरू करता येतो. उद्या कोणता मजला भरणार हे आदल्या संध्याकाळी कळले, तर तेवढाच मजला गार करून ठेवता येतो.

बचतीचा आकडा मात्र सरासरीवरून सांगू नये. वीजबिलात युनिटांखेरीज कमाल मागणीचा आकार असतो आणि तो महिन्यातल्या सर्वांत चढ्या काही मिनिटांवर ठरतो. सगळ्या टीमनी मंगळवार ते गुरुवार हेच दिवस निवडले, तर सोमवार-शुक्रवार रिकामे राहूनही तो आकार तसाच राहतो. टीमचे दिवस विभागणे हे म्हणून सुविधा विभागाचेही काम झाले आहे. आणखी एक धोका : रिकाम्या मजल्याचे एसी बंद करताना यूपीएसची, म्हणजे वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरींची, खोली त्यात ओढली जाते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या पुढे तापमान दर १० अंशांनी वाढले की सुमारे निम्मे होते. दोन उन्हाळ्यांत वीजबचतीहून मोठा खर्च समोर येतो.

पाणी : न वापरलेल्या मजल्याचे स्वतःचे आजार असतात. वापर थांबला की फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधले (दुर्गंधी अडवणाऱ्या वाकड्या नळीतले) पाणी, विशेषतः मे महिन्यात, सुकते आणि गटाराची दुर्गंधी वर येते. नळांत साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लेजिओनेला जिवाणू वाढतो. दर आठवड्याला नळ आणि फ्लश चालवून पाणी सोडणे हा साधा उपाय आहे. पाणीमापकाचे डिजिटल वाचन कोणत्या मजल्यावर किती दिवस पाणी हलले नाही हे दाखवते. इंदुरात हे पाणी हलके समजता येत नाही. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून चढवून आणले जाते. त्या पंपांच्या विजेसाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. म्हणून सोडलेले पाणी एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) नेऊन बागेला किंवा कूलिंग टॉवरला वापरणे इष्ट.

उपाहारगृह, कचरा आणि स्थानिक पंचांग : भिजवलेले पोहे दुपारपर्यंत ठेवता येत नाहीत. तीनशे माणसांचा नाश्ता केला आणि दीडशे आली, तर उरलेला माल सरळ ओल्या कचऱ्यात जातो. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो. ओला कचरा वाया जात नाही, २०२२ मध्ये सुरू झालेल्या, दिवसाला ५५० टन क्षमतेच्या बायो-सीएनजी प्रकल्पात त्याचा गॅस होतो. तरीही अन्न आधी पोटात जावे. हजेरीचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली इथेच कच्च्या ठरतात, कारण बाहेर घडवलेल्या प्रणालीला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, ठाऊक नसते. कापड गिरण्यांच्या कामगारांनी रुजवलेल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी कार्यालय निम्मे भरते हे शहरातल्या कोणत्याही पँट्रीवाल्याला माहीत असते. त्याचा अंदाज प्रणालीत भरण्याची सोय असलीच पाहिजे.

अग्निसुरक्षा : आगीचा भोंगा, हायड्रंटचा पंप आणि आपत्कालीन दिवे यांना हजेरीशी कधीही जोडू नये, एक माणूस आत असला तरी ते पूर्ण क्षमतेने चालले पाहिजेत. पण हायब्रिड पद्धतीने एक पोकळी निर्माण केली आहे. मजल्यासाठी नेमलेला फायर वॉर्डन, म्हणजे आगीच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढणारा कर्मचारी, त्याच दिवशी घरून काम करत असू शकतो. जागा-आरक्षणाची यादी आणि वॉर्डनची यादी जोडून, वॉर्डन नसलेल्या मजल्यावर आदल्या दिवशीच बदली नेमता येते. आत कोण आहे याची ताजी यादी मैदानात जमल्यावर मोबाइलवर मिळणे, हा या सगळ्या तंत्रज्ञानाचा सर्वांत निर्विवाद उपयोग आहे.

खासगीपणा आणि घुसखोरी : ज्या आकड्यावर एसी चालतो, त्याच आकड्यावरून कोण किती वेळ खुर्चीत होता हेही काढता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख हेतू सांगून माहिती घेण्यावर आहे. वातानुकूलनाला खुर्ची भरली आहे की नाही एवढे पुरते, तीत कोण बसले आहे हे लागत नाही, म्हणून नावाविना मोजणी हाच योग्य मार्ग. दुसरा धोका बाहेरचा. अमेरिकेतील टार्गेट या दुकान-साखळीत २०१३ मध्ये चोर शिरले ते वातानुकूलनाच्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. बीएमएसचे जाळे कार्यालयीन संगणकांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.

कामगार : सफाई, वीज, प्लंबिंग आणि पहारा यांतल्या माणसांना घरून काम नाही. ‘वापरानुसार सफाई’त स्वच्छतागृहाच्या दारावरचा मोजणी-सेन्सर ठरावीक फेऱ्यांनंतर हाउसकीपिंगच्या फोनवर तिकीट, म्हणजे कामाची सूचना, पाठवतो. चार वेळा कोरडी फरशी पुसण्याचा फेरा वाचतो, हे खरेच चांगले. पण त्याच आकड्यांवर कंत्राटदार शुक्रवारच्या पाळ्या कापतो तेव्हा बचतीचा भार सर्वांत कमी पगाराच्या माणसावर पडतो. जिथे त्या वेळात टाकी धुणे, फिल्टर साफ करणे, नळ सोडणे अशी राहून गेलेली कामे दिली जातात, तिथे रोजगार टिकतो आणि इमारतही. अॅपची भाषा हा छोटा वाटणारा, पण निर्णायक मुद्दा आहे. इंग्रजी तिकीट न समजल्याने ‘पूर्ण’ असे बटण दाबले गेले की नोंद खोटी होते. हिंदीत, चित्रांसह आणि आवाजी संदेश पाठवता येईल असे अॅप असेल तर सफाई करणारी बाई स्वतः लिहिते की तिसऱ्या मजल्यावरच्या बेसिनखाली पाणी झिरपते आहे. कोणत्याही सेन्सरआधी हे तिला दिसलेले असते.