एचडीएफ४ की एचडीएफ५? नाव एक, गावं दोन

खानापूर म्हटलं की आमच्या बेळगावकडच्या माणसाला लोंढ्याच्या अलीकडचं आठवतं, सांगलीवाल्याला विट्याजवळचं, आणि नाव ऐकून भलत्याच गाडीत बसला की संपलं. एचडीएफचं, म्हणजे शास्त्रीय आकडेवारी साठवायच्या फाईलींच्या प्रकाराचं, तसंच हाय बघा.

ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीची समुद्राच्या उत्पादकतेची .एचडीएफ फाईल, म्हणजे प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) दर चौरस मीटरला रोज किती मिलिग्रॅम कार्बन बांधतात त्याची, ती असते एचडीएफ४. नासाची क्लोरोफिलची .एनसी फाईल म्हणजे नेटसीडीएफ४, आणि तिच्या पोटात असतंय एचडीएफ५! तो ४ बघून फसू नका, मी दोन रात्री फसलोय. एचडीएफ५ ही जुन्याची सुधारित आवृत्ती नव्हेच, मांडणीच नवी, त्यामुळे ५ ची लायब्ररी ४ ची फाईल उघडत नाही, आणि एक्स्टेन्शन बदलून तर काहीच होत नाही.

आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत .एनसी सोपी. एनसीडीएफ४ पॅकेजनं उघडायची, अक्षांश-रेखांश आतच असतात, रिकाम्या जागी आपोआप एनए, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, येतो. फक्त अक्षांश उत्तरेकडून सुरू होतात, न उलटवता नकाशा काढला तर घोळ.

एचडीएफ४ ला आरचंच टेरा पॅकेज वापरायचं, पण त्याच्या खाली फाईली वाचायचं काम करणाऱ्या तुमच्या जीडाल लायब्ररीत एचडीएफ४ चा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा, नसेल तर कितीही आपटा. उघडली तरी आत अक्षांश-रेखांशाचा पत्ता नाही, नुसता २१६० ओळी आणि ४३२० स्तंभांचा चौकोन, सुरुवात ९० उत्तर, १८० पश्चिमेपासून, एका अंशात १२ घरं. ही हद्द आपणच सांगायची. मग कारवारसमोरचा समुद्र, धरा १४.८ उत्तर ७३.८ पूर्व, ओळ ९०३ स्तंभ ३०४६ वर सापडतो. आणि जमिनीवर आकडा नाही म्हणून -९९९९ भरलेलं असतं, म्हणजे आपलं बेळगाव पण -९९९९ च की ओ! ते एनए केलं नाही तर सरासरी उणे येते, आणि उणे उत्पादकता बघून गाईड काय म्हणतील ते मी सांगत नाही.

एवढी कटकट नको असेल तर ओरेगनवाल्यांकडंच .एक्सवायझेड टेक्स्ट फाईल मिळते, रेखांश, अक्षांश, उत्पादकतेचा आकडा असे तीन कॉलम, ९३ लाखांवर ओळी, आरच्या एफरीड या फंक्शननं वाचा, जुन्या लॅपटॉपला तेवढा वेळ द्या. तिथंही -९९९९ असतंयच.