बारावी सायन्सनंतर कोकणात बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र/प्राणिशास्त्र): पात्रता, दाखले आणि अर्ज कुठे अडतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, बायोलॉजीला अ‍ॅडमिशन चालू झालं का?" मी आधी आई-मुलीला बसायला सांगते, कारण उत्तराला पाच मिनिटं लागतात. बारावीपर्यंत जीवशास्त्र हा एकच विषय असतो. पदवीला त्याचे दोन होतात, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. काही महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानही असतं. ऑनलाइन अर्जात 'बायोलॉजी' शोधत बसलेली मुलं शेवटी जे समोर दिसेल त्यावर टिचकी मारतात, आणि ऑगस्टमध्ये रडत येतात. म्हणून विषयाचं आधी सांगते, दाखल्यांचं नंतर.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची कला, वाणिज्य आणि विज्ञानाची पारंपरिक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यामुळे अलिबागला शिका, चिपळूणला शिका, रत्नागिरीला शिका की सावंतवाडीला, पदवी एकाच विद्यापीठाची, आणि स्वायत्त महाविद्यालयं सोडली तर अभ्यासक्रमही तोच. मुंबईला गेल्याशिवाय 'खरी' बी.एस्सी. होत नाही हा समज अजून घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. उलट या दोन विषयांसाठी किनाऱ्यासारखी प्रयोगशाळा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात रत्नागिरीजवळच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) सीतेची आसवं फुलतात. ती निळी-जांभळी फुलं कीटकभक्षी वनस्पतीची, आणि तिच्या मुळासारख्या धाग्यांवरचे सूक्ष्म फुगे पाण्यातले जीव आत ओढतात. ते फुगे आमच्या मुली सड्यावरच हातभिंगातून बघतात. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि खाडीकाठची तिवरं (खारफुटी) तर घराच्या मागेच असतात.

मुख्य विषय अर्जातच ठरतो

पूर्वी पहिल्या वर्षाला रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्र असे तीन विषय सारख्या वजनाने घेता यायचे आणि निवड पुढे ढकलता यायची. नवीन शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली आणि आता मुख्य विषय सुरुवातीलाच निवडावा लागतो. त्याच्या जोडीला गौण विषय, दुसऱ्या शाखेतला मुक्त ऐच्छिक विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे छोटे पेपर येतात. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक (क्रेडिट) धरले जातात. तीन वर्षांनी बी.एस्सी. आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर थांबायचं झालं तर ठरलेले जादा ४ श्रेयांक पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येतं.

म्हणून अर्ज भरण्याआधी महाविद्यालयाचं माहितीपत्रक उघडा आणि तिथे मुख्य विषय कोणते आहेत, त्यांच्याबरोबर गौण म्हणून काय मिळतं, हे वाचा. प्राणिशास्त्र मुख्य आणि रसायनशास्त्र गौण, अशी जोडी तुम्हाला हवी असेल तर ती त्या महाविद्यालयात खरंच चालते का, हे विचारून घ्या. आणखी एक गोष्ट विचारा, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र बऱ्याच जुन्या महाविद्यालयांत अनुदानित आहेत. जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र अनेकदा स्वयंअर्थसहाय्यित असतं आणि फी कितीतरी जास्त पडते. नावाला भुलून अर्ज भरलेली घरं नंतर हप्ते मागायला येतात तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं.

कोण पात्र

राज्य मंडळाची किंवा समकक्ष मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मुख्य घेणार असाल तर बारावीला जीवशास्त्र असणं अपेक्षित धरा. फक्त गणित घेतलेल्या मुलांनी महाविद्यालयाला विचारल्याशिवाय अर्ज करू नये. ४५ टक्के मिळालेत म्हणून घरी बसू नका. यादी महाविद्यालयागणिक वेगळी असते आणि जागा शिल्लक असतील तर याद्यांनंतरही प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांनाही ती वाट असते, फक्त महाविद्यालयात जाऊन विचारावं लागतं.

सीबीएसईची किंवा गोवा मंडळाची मुलं (सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडे गोवा मंडळाची मुलं दर वर्षी येतात) यांना दोन कागद जास्त लागतात, त्यांच्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणि मुंबई विद्यापीठाकडून घ्यायचं पात्रता प्रमाणपत्र. प्रवेश आधी तात्पुरता मिळतो, पण पात्रतेचा अर्ज पहिल्याच सत्रात मार्गी लावा.

अर्ज कसा जातो

आधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नावनोंदणी. ती 'समर्थ' प्रणालीवर होते आणि सक्तीची आहे. व्यवस्थापन, इनहाउस (त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं) किंवा अल्पसंख्याक कोट्यातून येणाऱ्यांनाही ती चुकत नाही. इथे स्वतःची माहिती, गुण, प्रवर्ग भरायचा, अभ्यासक्रम आणि महाविद्यालयं निवडायची आणि शेवटी छापील प्रत काढायची. त्यानंतर ज्या-ज्या महाविद्यालयाला अर्ज करायचा त्यांचा स्वतंत्र अर्ज. या दुसऱ्या पायरीशिवाय तुमचं नाव कुठल्याच यादीत लागत नाही. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. नोंदणी झाली, पावती आली, आता यादी लागेल म्हणून वाट बघत बसतात.

निकालाची तारीख पुढेमागे होते. २०२४ मध्ये बारावीचा निकाल २१ मेला लागला, २०२५ मध्ये ५ मेला. निकालानंतर नोंदणीची मुदत लांबलचक नसते. नोंदणीत शैक्षणिक श्रेयांक बँकेचा (एबीसी, विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणारं ऑनलाइन खातं) बारा अंकी क्रमांक मागतात. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आता आपल्याकडची गोष्ट अशी की मुलीच्या आधारला नंबर वडिलांचा असतो, आणि वडील मुंबईत ड्युटीवर नाहीतर मेच्या शेवटच्या फेरीला समुद्रात. मागच्या एका वर्षी एक मुलगी सलग तीन दिवस आमच्या खिडकीपाशी येत होती. बोट किनाऱ्याला लागली, फोनला रेंज आली, तेव्हा तिचा ओटीपी मिळाला. तोवर पहिल्या यादीची मुदत संपली होती. परीक्षा संपली की मार्च-एप्रिलमध्येच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. पुढे शिष्यवृत्तीलाही तोच लागणार आहे.

साधारण तीन गुणवत्ता याद्या लागतात. नाव लागलं की ठरलेल्या दिवसांत मूळ कागद दाखवून फी भरायची. ती मुदत गेली की त्या यादीतला हक्क गेला. पुढच्या यादीत चांगलं महाविद्यालय मिळेल म्हणून मिळालेली जागा सोडू नका.

दाखले, आणि नावाचा घोळ

मूलभूत कागद थोडेच आहेत: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, कनिष्ठ महाविद्यालयाचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, विद्यापीठ नोंदणीची प्रत. प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स स्वतः सही करून ठेवा. गुणपत्रिका मूळ बघून परत देतात. शाळा सोडल्याचा दाखला मात्र महाविद्यालयात जमा होतो, म्हणून त्याची स्वच्छ स्कॅन प्रत आधी काढा. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याबद्दलचं घोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र, कोणत्या नमुन्यात ते महाविद्यालय सांगेल.

राखीव जागेसाठी प्रवर्ग नुसता लिहून चालत नाही. जात प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं, अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून जातो. त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. कोकणात हा पुरावा बहुधा गावच्या जीवन शिक्षण मंदिराच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या, जुन्या रजिस्टरात असतो. आजोबांचं नाव, त्यापुढे जात, फिकी पडलेली शाई. मुख्याध्यापकांना वर्ष अंदाजे सांगितलंत तर ते शोधून उतारा देतात. पण शाळा मे महिन्यात बंद असते, हे लक्षात ठेवून आधीच जा. इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांना नॉन-क्रीमी लेयर दाखलाही लागतो. तो मुदतीतला आहे ना ते बघा, कारण तो ३१ मार्चला संपतो आणि मुलं जूनमध्ये जुनाच घेऊन येतात. जात वैधता प्रमाणपत्र बारावीलाच काढून ठेवलेलं बरं. उद्या कृषी, फार्मसी किंवा मत्स्य शाखेकडे वळायचं ठरलं तर त्याची गाठ पडतेच, आणि जात पडताळणी समितीकडे वेळ जातो. घरातल्या सख्ख्या नात्यात कुणाकडे वैधता असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा. आर्थिक दुर्बल घटकाच्या १० टक्के जागांसाठी वेगळा दाखला तहसीलमधून निघतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. पगारदारांना फॉर्म १६ चालतो. मासेमारी, आंबा-काजू, छोटं दुकान असलेल्यांना तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अहवाल लागतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याची मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावलेली असते. पावती जपून ठेवा, मुदत उलटली तर त्या पावतीवरच अपील करता येतं.

आता नावाचं. चाकरमान्यांच्या मुलांची दहावी मुंबईत, बारावी गावी. एका कागदावर आडनाव घराण्याचं, दुसऱ्यावर गावावरून पडलेलं. आधारवर आईचं नाव माहेरचं, गुणपत्रिकेवर सासरचं. इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'ए' कमी. विद्यापीठाची नोंदणी बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने करा, आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. उलट केलंत तर पदवी प्रमाणपत्रावरच चूक छापली जाते. गुणपत्रिकेतच चूक असेल तर कनिष्ठ महाविद्यालयामार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. मूल महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर ते काम फार जड जातं.

आणि पाऊस. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कपाटातल्या फायली चिखल झाल्या. त्या वर्षापासून मी प्रत्येकाला सांगते, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्या, बाकीचे कागद स्कॅन करून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. एसटीतून येताना प्लास्टिकच्या पिशवीला वरून गाठ मारा. भिजलेल्या दाखल्यावरचा शिक्का पसरला की पडताळणीत प्रश्न येतात.

नीटची वाट बघणाऱ्यांसाठी

आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या वर्गातली अनेक मुलं आधी डॉक्टर व्हायला निघालेली असतात. २०२५ मध्ये नीटचा निकाल १४ जूनला लागला, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, कधी त्याही पुढे चालतात. तोवर बी.एस्सी.च्या याद्या संपून वर्ग सुरू झालेले असतात. दोन्हीकडे अर्ज करा. बी.एस्सी.ची जागा मिळाली तर घ्या, आणि पुढे दुसरीकडे लागलं तर लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करा. फी परत मिळण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने घालून दिलेले आहेत. जितक्या लवकर रद्द कराल तितकी जास्त रक्कम परत येते, म्हणून अर्जावर तारखेचा शिक्का मारून घ्या.

ज्यांना समुद्रातच काम करायचं आहे त्यांनी रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही बघावं. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. अभ्यासक्रम चार वर्षांचा, पण तिथला प्रवेश एमएचटी-सीईटीच्या भौतिक-रसायन-जीवशास्त्र गटावरून होतो. सीईटी दिलेलीच नसेल तर त्या वर्षी ती वाट बंद.

शिष्यवृत्ती

प्रवेश झाला की महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) अर्ज करा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क योजनेला आठ लाख. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची मुलींसाठीची शंभर टक्के माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ती बी.एस्सी.ला लागू धरून पालक फी न भरता थांबतात, तसं करू नका.

वर्ग सुरू झाल्यावर

हजेरी ७५ टक्के. दुर्गम वाडीतून येणाऱ्या मुलांनी एसटीचं वेळापत्रक आणि प्रात्यक्षिकाची बॅच एकमेकांशी जुळते का ते पहिल्याच आठवड्यात बघावं. जुळत नसेल तर विभागप्रमुखांना सांगून बॅच बदलून मिळते, फक्त सुरुवातीलाच सांगायला हवं. जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) दर आठवड्याला तपासून सही घ्या. प्रमाणित जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही.

सामानात पांढरा एप्रन, हातभिंग, साधी ब्लेड, दोन सुया, बारीक ब्रश, एचबी पेन्सिल. मोठी डिसेक्शन पेटी दुकानदार आग्रहाने देतात, ती शिक्षकांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर प्राण्यांचं विच्छेदन अभ्यासक्रमातून जवळजवळ गेलं आहे. पहिल्या काही प्रात्यक्षिकांत कांद्याच्या मुळाचं टोक असतं. त्यासाठी कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून तीन-चार दिवस आधी मुळं फुटू द्यावी लागतात, तेव्हा बॅचमधल्या कुणीतरी तो आठवणीने घरी ठेवायचा.